अकरा तराजू, नऊ दिवस

६ ऑक्टोबर

चि. छटाक हिस,
अनेक आशीर्वाद.

दुकानी तराजू तीनशे बारा. सोनारी काटे एकेचाळीस, काचेच्या पेटीसकट. औषधवाल्यांचे हातकाटे मोजायचे राहून गेले, शंभराच्या वर नक्की. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी तराजू अठ्ठावीस. त्यातले दोन परत आले, दोन्ही मुलांनी पाडलेले. पोती तोलायचा लोखंडी काटा एक, तो अजून चालतो. पितळी वजनांचे संच साठ. ती वजनं कातायला पायाने फिरवायचा लेथ, आणि ज्या बाकावर बसून हे लिहितोय तो बाक. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही.

तू पाठवलेल्या फॉर्मात 'मार्गदर्शकाचं शिक्षण' असा रकाना आहे. त्यात 'सातवी' लिहिल्यावर साडेतीन ओळी रिकाम्या राहिल्या. रिकामी जागा मला बघवत नाही, म्हणून वरचा मजकूर तिथे बारीक अक्षरात बसवलाय. तुमच्या कॉलेजला तो चालत नसेल तर त्यांनी दुसरा मामा शोधावा.

आता मुद्द्याचं. तुझ्या कॉलेजातली अकरा मुलं-मुली जानेवारीत वीस दिवसांच्या अभ्यास-सहलीला परदेशी म्हणजे आमच्याकडे येणार, आणि मी त्यांना तराजू करायला शिकवायचं. तू पहिल्यांदाच असा कोर्स घेते आहेस, म्हणून हो म्हणतो. माझ्या अटी तीन. कारखान्यात फोन बंद. प्रत्येकाने स्वतःचा तराजू स्वतः करायचा, दोघांत एक असलं काही नको. आणि तिसरी अट तुझ्या नियमावलीत छापून घे: जो तराजू माझ्या परीक्षेत उतरेल त्याच्याच कागदावर माझी सही.

परीक्षा तुला ठाऊक आहे, पण त्या लोकांना समजावून सांग. रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हणजे तो खरा, असं नव्हे. हलक्या पारड्याखाली पासंग म्हणून शिशाचा तुकडा चिकटवला की कुठलीही वाकडी दांडी सरळ उभी राहते. दोन्ही पारड्यांत अर्धा-अर्धा किलो ठेवायचा, मग वजनांची अदलाबदल करायची. दोन्ही वेळा काटा मधोमध राहिला तर दांडीचे दोन्ही हात सारखे. नाही राहिला तर तो तराजू नव्हे, शोभेची वस्तू.

मामी विचारते, ही मुलं जमिनीवर बसतात की त्यांना स्टुलं लागतात.

तुझा मामा


२० ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न.

तुमचा रकाना मी भाषांतर करून दिला, प्राचार्यबाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे गृहस्थ नेहमी असंच बोलतात का?" मी म्हटलं, हे त्यांचं मवाळ रूप आहे. तुमची निवड झाली. तिसरी अट नियमावलीत जशीच्या तशी छापली आहे: 'मार्गदर्शकाने मान्य करून सही केलेली वस्तू सादर केल्याशिवाय कोर्सचे गुण मिळणार नाहीत.' बाईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, त्याने कोर्सला वजन येतं. मी हसले नाही.

आता रागावू नका. कोर्स वीस दिवसांचा असला तरी कारखान्यात दिवस नऊच. बाकीच्या दिवसांत दोन वस्तुसंग्रहालयं, एक व्याख्यान, समुद्रकिनारा आणि प्रवास. पालकांना फोटो लागतात, आणि फोटोला समुद्र लागतो. शिवाय प्रत्येकाने रोज संध्याकाळी एक चिंतन-वही लिहायची असते: आज काय पाहिलं, काय वाटलं. त्या वह्या मी तपासते.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका. माझी इथली नोकरी दोन वर्षांच्या बोलीवर आहे आणि ती मे महिन्यात संपते. हा कोर्स चांगला झाला तर मला कायम करतील. चांगला म्हणजे काय, तर सगळे पास झाले पाहिजेत आणि खूश होऊन परतले पाहिजेत. ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत, मामा. यांनी आयुष्यात पेन्सिलसुद्धा हाताने तासलेली नाही. जरा सांभाळून घ्या.

मामीला सांगा, स्टुलं लागतील.

(हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही 'बरं आहे ना' विचारता आणि मामीच्या हातात देता.)

तुमची छटाक


८ नोव्हेंबर

चि. छटाक हिस,

नऊ दिवसांत तराजू होत नाही. मला पहिला खरा तराजू जमायला चौदा महिने लागले, आणि त्याआधीचे सहा मी हातोड्याने सपाट केले. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, माहिती म्हणून लिहितो.

तरी मार्ग काढलाय. अकरा दांड्यांची पितळी पट्टी मी आधीच कापून ठेवतो, प्रत्येकी तीस सेंटिमीटर. जिच्यावर दांडी झुलते ती मधली पोलादी धार मी बसवून देतो, कारण तिथे बोट कापतं. पारडी तयार विकत आणतो. हे लिहिताना हात जड झाला, पण आणतो. मुलांनी करायचं ते असं: दांडी घासून आकारात आणायची, आणि दोन्ही टोकांना पारडं अडकवायची खाच कानशीने पाडायची. सगळं मरण त्या खाचेत आहे. मधल्या धारेपासून दोन्ही खाचा सारख्या अंतरावर आल्या की जिंकलो. लांब हाताची खाच केसभर आत घ्यायची, पुन्हा तोलायचं, पुन्हा केसभर. घाई करणाऱ्याची दांडी दुसऱ्या बाजूला लांब होते, मग तो तिकडे घासतो. असं करत करत खाचा मधल्या धारेला येऊन भेटतात. हसू नकोस, माझं झालेलं आहे.

अकरा स्टुलं झाली. मामीने मोजून बघितली, एकही डुगडुगत नाही. ती म्हणते, पोरांना मधल्या सुट्टीत काही खायला द्यायचं की त्याचीही परीक्षा घेणार आहात.

चिंतन-वही म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही. कानस हातात असताना माणसाने खाचेचं चिंतन करावं.

तुझ्या नोकरीचं ताईला सांगत नाही.

तुझा मामा


४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तराजूंच्या पेट्या विमानतळावर तीन वेळा उघडाव्या लागल्या. तिसऱ्या अधिकाऱ्याने स्वतःची अंगठी तोलून पाहिली आणि खूश होऊन सोडलं.

मामा, इथे तुमचंच नाव चाललंय. दहा तराजू कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात मांडलेत. प्राचार्यबाईंनी सगळ्यांसमोर वजनांची अदलाबदल करून दाखवली, दहाही वेळा काटा मधोमध. भौतिकशास्त्राचे एक सर म्हणाले, नऊ दिवसांत अननुभवी मुलांकडून हे करून घेणारा माणूस आपल्याकडे का नाही? तुम्ही ज्याला 'घड्याळवाला' म्हणायचात तो सारखा घड्याळ बघणारा मुलगा आता घड्याळ काढून ठेवून फिरतो. त्याच्या आईने कॉलेजला पत्र लिहिलंय की पोराला पहिल्यांदा काहीतरी पुरं करताना पाहिलं.

बाईंना हा कोर्स दर वर्षी हवाय, मोठा करून हवाय. तुमच्यासाठी त्या रीतसर प्रस्ताव तयार करताहेत. माझ्या जागेचंही त्या ओघात बोलल्या. मे महिन्याची भीती गेली असं धरायला हरकत नाही.

आता एक अडचण आहे. अबोली. (नाव तुम्हीच ठेवलंत, नऊ दिवसांत ती नऊ वाक्यं बोलली म्हणून.) तिचा एकटीचाच तराजू उतरला नाही, तिच्या कागदावर तुमची सही नाही, आणि नियमावलीत नियम आहे. हे गुण मिळाले नाहीत तर तिची पदवी एक वर्ष पुढे जाते. जून महिन्यात तिला एका ठिकाणी नोकरीवर रुजू व्हायचंय. तिथे पदवी दाखवल्याशिवाय घेणार नाहीत. तिने माझ्याकडे अजून काही मागितलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं. तिच्या वहीतही तक्रार नाही, चार-पाच चित्रं आहेत.

सोबत तिचा कोरा कागद पाठवते आहे. दहा जणांना सही दिलीत, मामा. अकरावी दिलीत तर कुणाचं काय बिघडतं?

तुमची छटाक


१७ फेब्रुवारी

चि. छटाक हिस,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. 'दहाही वेळा काटा मधोमध' हे वाक्य आलं तेव्हा ती थांबून माझ्याकडे बघायला लागली, कारण मी खूश व्हायला हवं होतं आणि झालो नाही. मग मी तिला सांगितलं ते आता तुला लिहितो. आधीच सांगायचं होतं.

आठव्या दिवशी सकाळचं काम आटोपून तू मुलांना समुद्रावर नेलंस. मामी बाजारात गेली होती. कारखान्यात फळीवर दहा दांड्या ठेवलेल्या होत्या. अकरावी अबोलीने बरोबर नेली होती, तिला ती हातातून सोडवत नव्हती. मी फक्त बघावं म्हणून एकेक तोलायला घेतली. दहापैकी तीन खऱ्या होत्या. बाकी सात कुठे तीन ग्रॅमने, कुठे पाचाने खोट्या. उरलेल्या एका दिवसात त्यातल्या फार तर दोन सुधारल्या असत्या. मी हिशेब केला: सहीचे कागद पाच, बिनसहीचे सहा, आणि मे महिन्यात तू घरी.

मी कानस उचलली आणि साती दांड्यांच्या खाचा जागेवर आणल्या. एकेकीला आठ-दहा हात पुरले. बारा वाजता बसलो, दोनच्या आत उठलो. पितळेचा बुरादा झाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. घड्याळवाल्याचा काटा दोन्ही वेळा मधोमध थांबला, तसा त्याने मला मिठी मारली. मी ती घेतली. त्याची दांडी मी केली होती आणि मिठीसुद्धा मीच घेतली.

अबोलीचा तराजू उतरला नाही. ती रडली नाही. तिने आपली दांडी उलटी करून खाच बघितली, मग शेजारच्याची दांडी मागून तिची खाच बघितली, आणि मग माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, पोरीला हेवा वाटतोय. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

तू म्हणतेस, अकरावी सही दिली तर काय बिघडतं. त्या अकरातली सर्वांत आधी द्यायला हवी होती ती तीच. तीन मुलांचं आणि तिचं, एवढंच काम तिथे खरं आहे. तिच्या एकटीच्या दांडीवर काय चुकलं ते दिसतं, कारण ती चूक तिचीच आहे.

तिचा कोरा कागद कोरा पाठवत नाही. त्यावर असं लिहून सही केली आहे: 'अर्ध्या किलोच्या भाराला दोन ग्रॅमचा फरक. डावा हात सहा दशांश मिलिमीटर लांब. चूक सुधारण्याजोगी. संपूर्ण काम हिच्या हातचं.' असा कागद मी आजवर कुणाला दिलेला नाही. बाकी दहांतले कुठले तीन खरे आणि कुठल्या सात दांड्यांना माझा हात लागलाय, त्याची यादी सोबतच्या पत्रात आहे. ते पत्र प्राचार्यबाईंना आहे. पोरांचा काही दोष नाही, त्यांना काही ठाऊक नव्हतं, हेही त्यात दोनदा लिहिलंय. तुलाही ठाऊक नव्हतं, हे तीनदा.

याने तुझं नुकसान होईल. ते मी मोजलंय, आणि मोजूनच लिहितोय. एक मार्चला मी याच पत्राची प्रत बाईंना थेट पाठवणार. त्याआधी तुझ्या तोंडून त्यांना कळलं तर तुझ्यासाठी बरं.

 मामी म्हणाली, एवढं भाचीसाठी केलं होतंत तर पचवायचं तरी होतं. मला पचलं नाही.

तुझा मामा


९ मार्च

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र प्राचार्यबाईंना सव्वीस फेब्रुवारीला मी माझ्या हातांनी दिलं. त्यातलं एक वाक्य मात्र खोडून दिलं. 'तिला काही ठाऊक नव्हतं', तिन्ही ठिकाणचं.

मामा, सुट्टीत मी तुमच्या बाकाशेजारी बसून वाढले. तुम्ही डावखुरे. तुमच्या कानशीचे ओरखडे उजवीकडे कलतात, जगातल्या बाकी सगळ्यांचे डावीकडे. नवव्या दिवशी मी घड्याळवाल्याची दांडी हातात घेतली आणि खाच उजेडात धरली. एका क्षणात कळलं. मी दांडी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

आणि अबोलीच्या वहीतली चित्रं. मी तुम्हाला 'चार-पाच चित्रं आहेत' एवढंच लिहिलं. ती खाचांची चित्रं आहेत. स्वतःची खाच, तिच्या शेजारी इतरांच्या, आणि प्रत्येकीत ओरखड्यांची दिशा बारीक रेघांनी काढलेली. खाली एकच ओळ: 'माझ्या दांडीला त्यांचा हात लागला नाही.' तुमच्यावरचा आरोप नव्हता तो. तिला वाटलं होतं, तुम्हाला तिचंच काम आवडलं नाही, म्हणून तुम्ही तिचीच दांडी सुधारली नाही. मी ते विमानात वाचलं आणि वही गठ्ठ्याच्या तळाशी घातली. महिनाभर ती तिथेच होती. तुम्ही दोन तास चुकलात, मी महिनाभर.

तुमचा कागद तिला दिला. तिने तो वाचला आणि विचारलं, "सहा दशांश? त्यांनी माझी दांडी मोजली कधी?" मी म्हटलं, मोजली नाही, दोन ग्रॅमवरून काढली. मग ती तासभर बोलत होती. तुमच्या नऊ दिवसांचा कोटा तिने तासात भरून काढला. बाईंनी तो कागद मान्य केला. तिला गुण मिळाले आहेत, जून महिन्यात ती रुजू होईल. तुमचा हात लागलेल्या सात जणांना मी एकत्र बसवून सांगितलं. दोघं चिडले, एकीने खांदे उडवले. घड्याळवाला दुसऱ्या दिवशी कपाटातून स्वतःचा तराजू काढून घेऊन गेला. कुठे ते सांगितलं नाही.

आता बाईंचं. मला वाटलं होतं, त्या आपल्या दोघांनाही झटकून टाकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "यात लपवायचं काय आहे? शेवटचा हात उस्तादाचा, असं आपण माहितीपत्रकातच छापू." प्रस्ताव कायम आहे, उलट वाढवलाय. भाषांतर करून सोबत जोडला आहे, नीट वाचा. विद्यार्थी नऊ दिवस घासतील, नंतर तुम्ही साऱ्या दांड्या खऱ्या करून द्यायच्या, उघडपणे. कुणी नापास नाही, कुणी खोटं नाही. नियमावलीतून तुमची तिसरी अट निघेल.

कोर्स चालू राहिला तर माझी जागा पक्की, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं. बंद झाला तर मे महिन्यात बघू, असं म्हणाल्या. 'बघू' म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना कळतं.

मला काय हवंय ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही ते पारड्यात टाकाल. आईला मात्र मी नोकरीचं सांगितलं, आता तुमच्यावर तेवढं ओझं नाही.

उत्तर लेखी हवंय, प्रस्तावाचा आणि रकमेचा उल्लेख करून.

तुमची छटाक


२५ मार्च

चि. छटाक हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रस्ताव चार वेळा वाचला. बाई हुशार आहेत. मी चोरून केलं ते त्यांनी राजरोस करून दिलं, आणि वर मोबदला ठेवला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलंसुद्धा. मामीला म्हटलं, यात खोटं काहीच नाही. ती म्हणाली, नाही ना, मग इतका वेळ का वाचताय.

खोटं नाही हे खरंच आहे. पण मी ते काम करून बघितलंय, आठव्या दिवशी, दोन तास. त्या सात पोरांनी आठ दिवस जी खाच पाडली होती, ती माझ्या आठ-दहा हातांत पुसली गेली. कुठे घाई झाली, कुठे मन लागलं नाही, कुठे भीतीने कानस उचलली, ते सगळं त्या खाचेत लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचायला मिळालं असतं. मी ते झाडून टाकलं. बुरादा म्हणून.

मला कुणी शिकवलं नाही, हे मी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगत आलो. फॉर्मातही सांगितलं. त्याची दुसरी बाजू मला या वयात दिसली. माझ्या हातातली कानस कधी कुणी काढून घेतली नाही. सहा तराजू वाया गेले, ते मीच वाया घालवले आणि हातोडाही मीच चालवला. माझ्या डोक्यावर तेव्हा माझ्यासारखा कुणी उस्ताद उभा असता, तर त्याने पहिलाच तराजू नीट करून दिला असता आणि मी आज दुसराच काही धंदा करत असतो.

मला शिकवता येतं की नाही ते अजून माहीत नाही. तीन दांड्या खऱ्या होत्या आणि एक दोन ग्रॅमने खोटी. नऊ दिवसांचं माझं शिक्षकपण एवढंच. वाईट नाही. पण दर वर्षी अठ्ठेचाळीस दांड्या मीच खऱ्या करून द्यायला लागलो, तर हा आकडा मला पुढे कधीच कळणार नाही.

घड्याळवाल्याचं मामीने परवा सांगितलं. त्याने तिला पत्र पाठवलंय, कुणाकडून तरी आपल्या भाषेत लिहून घेऊन. मी रागावेन म्हणून मला नाही, तिला. मी पाडलेली खाच त्याने पट्टीसकट कापून टाकली, दांडी दोन्हीकडून आखूड केली आणि नव्या खाचा पाडतोय. विचारलंय की आखूड दांडीला सूक्ष्मपणा कमी येतो का. येतो. मी त्याला चार पानी उत्तर लिहिलंय, आकृत्यांसकट. त्याला पैसे पडत नाहीत आणि दिवसही मोजावे लागत नाहीत.

तुझ्याबद्दल. तू काही लिहिलं नाहीस, तरी ते पारड्यात होतंच, चारही वेळा वाचताना. तुझी जागा जाईल कदाचित. ती जाऊ नये म्हणून मी एकदा माझा हात खोटा केला, आणि त्यात तुलाही खोटं बोलायला लावलं. खाच तू उजेडात धरलीस त्याच वेळी मला खडसावायला हवं होतंस. तू टाळ्या वाजवल्यास, कारण मी तुला दुसरं काही करायला जागाच ठेवली नव्हती. आता नाही म्हणतोय तेही तुला न विचारता. रागावायचं असेल तर रागाव. पत्राने रागाव, फोनवर मला सुचत नाही.

बाईंना हवं तसं लेखी उत्तर खाली देतो. तेवढा भाग कापून त्यांना दे.

'मी, तराजू करणारा, आपला खालील प्रस्ताव संपूर्ण वाचून व समजून नाकारत आहे. पाच वर्षं, वर्षाला दोन तुकड्या, तुकडीत चोवीस विद्यार्थी, कारखान्यात नऊ दिवस, आणि शेवटी सर्व दांड्या मार्गदर्शकाने खऱ्या करून देणे. मोबदला तुकडीला एक लाख चौऱ्याऐंशी हजार. दहा तुकड्यांचे एकूण १८,४०,०००. अक्षरी अठरा लाख चाळीस हजार फक्त.'